मूलभूत स्थिरांकांचे कालपरत्वे परिवर्तन

भौतिकीचे मूलभूत स्थिरांक काळाबरोबर बदलतात का, हा प्रश्न भौतिकशास्त्रज्ञ पॉल डिरॅक यांनी १९३७ मध्ये ठळकपणे पुढे आणला. गुरुत्व स्थिरांक विश्वाच्या वयाबरोबर घटत असावा, असे त्यांचे अनुमान होते. त्यांनी सुचवलेल्या वेगाने तो घटत नाही, हे चंद्रावरील परावर्तकांवर लेसर सोडून केलेल्या अंतरमापनातून सिद्ध झाले आहे.

एकके असलेल्या स्थिरांकाबाबत हा प्रश्न जपून विचारावा लागतो. १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशवेगावर (सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर) बेतलेली असल्याने या एककांत प्रकाशवेग बदललेला दिसणेच शक्य नाही. म्हणून एकके नसलेल्या संख्या तपासतात: विद्युतचुंबकीय बलाची तीव्रता सांगणारा सूक्ष्मरचना स्थिरांक अल्फा (सुमारे १/१३७.०३६) आणि प्रोटॉन-इलेक्ट्रॉन वस्तुमानांचे गुणोत्तर (सुमारे १८३६.१५).

गॅबनमधील ओक्लो येथे सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी युरेनियमच्या साठ्यात नैसर्गिक अणुभट्टी पेटली होती. सॅमेरियम-१४९ चे अणुकेंद्र ०.०९७ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासचे न्यूट्रॉन अधाशासारखे गिळते. अल्फा किंचित जरी वेगळा असता तरी ही ऊर्जा सरकली असती. खनिजात उरलेल्या सॅमेरियमवरून अल्फातील बदल एक कोटीत एका भागाहून कमी ठरतो. मात्र भट्टीचे तापमान गृहीत धरावे लागते आणि अणुकेंद्राला बांधून ठेवणारे प्रबल बल बदलले नाही असेही मानावे लागते.

क्वासार म्हणजे अतिदूरच्या आकाशगंगांची अत्यंत तेजस्वी केंद्रे. त्यांच्या प्रकाशात वाटेवरच्या वायूमुळे शोषणरेषा (ठरावीक तरंगलांब्यांवरच्या काळ्या रेषा) उमटतात; हा प्रकाश फार पूर्वी निघालेला असल्याने त्या काळचा अल्फा त्यांतून कळतो. अल्फा बदलल्यास लोहाच्या रेषा बऱ्याच सरकतात, मॅग्नेशियमच्या जेमतेम. म्हणून दोन्ही एकत्र मोजतात. जॉन वेब यांच्या गटाने १९९९ पासून केक दुर्बिणीच्या वर्णपटांतून पूर्वीचा अल्फा लाखात अर्ध्या भागाच्या आसपास कमी असल्याचे मांडले. चिलीतील दुर्बिणीच्या निरीक्षणांत उलट चिन्ह आले, म्हणजे पूर्वीचा अल्फा अधिक दिसला. तरंगलांबी मोजण्यासाठी संदर्भ म्हणून वापरलेल्या थोरियम-आर्गॉन दिव्याचा आणि क्वासारचा प्रकाश वर्णपटमापकात अगदी एकाच वाटेने जात नाही, त्यामुळे तरंगलांबीची मोजपट्टी ताणली जाते. लघुग्रहांवरून परावर्तित सूर्यप्रकाशाशी ताडून पाहता हा दोष उघड झाला. मॅग्नेशियमच्या समस्थानिकांचे प्रमाण पृथ्वीसारखेच मानल्यानेही खोटा बदल दिसू शकतो.

आजची सर्वांत कडक मर्यादा अणुघड्याळांची आहे. यटर्बियम या मूलद्रव्याच्या एकाच आयनातील दोन संक्रमणांची (ऊर्जापातळ्यांमधील उड्यांची) वारंवारता अल्फाबरोबर उलट दिशांना सरकते. वर्षानुवर्षे त्यांची तुलना करूनही एकावर अठरा शून्ये इतक्या भागांत वर्षाला एका भागाएवढाही बदल आढळलेला नाही. हाच वेग १० अब्ज वर्षे कायम धरला, तर क्वासारांपेक्षा कितीतरी कडक मर्यादा मिळते. पण वेग कायम होता, हे घड्याळ सांगू शकत नाही.