‘सुपरमॅन २’ : एक चित्रपट, दोन दिग्दर्शक

शक्ती गमावलेला क्लार्क, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, बर्फ तुडवत आपल्या किल्ल्यात परततो. मोडतोडीत एक हिरवा स्फटिक लुकलुकताना त्याला दिसतो आणि त्यानंतर तो पडद्यावर येतो तो थेट सुपरमॅन होऊनच. शक्ती गेली ती कायमची, असं आधी बजावून सांगितलेलं असतं. मग ती परत कशी आली? १९८० साली प्रदर्शित झालेला ‘सुपरमॅन २’ याचं उत्तरच देत नाही. हा पटकथाकारांचा विसराळूपणा नव्हता. उत्तर असलेलं दृश्य १९७७ सालीच चित्रित झालं होतं. ते पैशाच्या भांडणात बाहेर फेकलं गेलं.

अलेक्झांडर आणि इल्या साल्काइंड या पितापुत्र निर्मात्यांना दोन चित्रपट एकदम चित्रित करायची सवय होती. ‘थ्री मस्केटीअर्स’च्या वेळी त्यांनी एकाच चित्रीकरणातून दोन चित्रपट काढले आणि मानधन मात्र एकाचंच दिल्यामुळे कलाकार कोर्टात गेले. तेव्हापासून किती चित्रपटांसाठी काम घेतलं जाणार, हे करारातच लिहून घेणाऱ्या कलमाला हॉलिवूडमध्ये ‘साल्काइंड कलम’ म्हणतात. ‘सुपरमॅन’चे दोन्ही भाग दिग्दर्शक रिचर्ड डोनर यांनी मार्च १९७७मध्ये इंग्लंडमध्ये एकत्रच चित्रित करायला घेतले. खर्च आणि वेळ हाताबाहेर जाऊ लागल्यावर दुसरा भाग थांबवून आधी पहिला पुरा करायचं ठरलं. तोवर दुसऱ्या भागाचं बरंचसं काम झालं होतं.

या घाईत एक मोठी अदलाबदल झाली. पृथ्वीभोवती घिरट्या घालून काळ मागे फिरवण्याचा प्रसंग मुळात दुसऱ्या भागाच्या शेवटासाठी होता. तो उचलून पहिल्या भागाला जोडला. पहिला भाग त्यामुळे दणक्यात संपला, पण दुसऱ्याचा शेवट रिकामा राहिला. सुपरमॅनचं गुपित कळलेल्या त्याच्या प्रेयसीचं, पत्रकार लोइसचं, पुढे काय करायचं? शेवटी एक चुंबन आणि तिची स्मृती पुसली! काळ फिरवण्यामागे निदान भव्यता होती. इथे मात्र दोन तास जपलेलं नातं एका क्षणात खोडलं जातं, तेही तिला न विचारता. चित्रपटातली ही सगळ्यात मोठी चूक आहे.

पहिला भाग डिसेंबर १९७८मध्ये आला आणि तुफान चालला. तरीही मार्च १९७९मध्ये डोनर यांना काढून टाकण्यात आलं. निर्मात्यांशी त्यांचं बोलणंही जवळपास बंद झालं होतं. त्यांच्या जागी ‘मस्केटीअर्स’वाले रिचर्ड लेस्टर आले. दिग्दर्शक म्हणून एकट्याचं नाव लागायचं, तर चित्रपटाचा मोठा भाग त्यांनी स्वतः चित्रित केलेला असणं गरजेचं होतं. त्यामुळे झालेली दृश्यंही नव्याने घेतली गेली. पहिल्या भागाच्या शेवटी अवकाशात भिरकावलेल्या क्षेपणास्त्रामुळे सुपरमॅनच्या ग्रहावरचे कैदी, खलनायक झॉड आणि मंडळी, सुटणार होती. तो धागा कापून आयफेल टॉवरवरच्या हायड्रोजन बॉम्बचा प्रसंग घातला गेला.

सुपरमॅनचा बाप जॉर-एल झालेल्या मार्लन ब्रँडोंना ३७ लाख डॉलर आणि वर उत्पन्नात टक्केवारी ठरली होती. त्या वाट्यावरून खटला उभा राहिला आणि दुसऱ्या भागातून त्यांची दृश्यंच वगळण्यात आली. त्यांच्या जागी सुपरमॅनच्या आईला, म्हणजे सुझाना यॉर्क यांना उभं केलं. कथेचा कणा मोडला तो इथे. मूळ दृश्यात बाप आपली उरलीसुरली ऊर्जा मुलाच्या अंगात ओतून स्वतः कायमचा विझतो. शक्ती सोडून देण्याच्या मुलाच्या चुकीची किंमत बाप मोजतो. हे गेल्यावर उरला तो नुसता लुकलुकणारा स्फटिक.

खलनायक लेक्स लुथर झालेले जीन हॅकमन नव्या चित्रीकरणाला आलेच नाहीत. लुथर ठळक दिसतो ती दृश्यं डोनर यांची. काही ठिकाणी पाठमोरा बदली नट आणि नकली आवाज आहे. छायालेखक जेफ्री अनस्वर्थ आणि कलादिग्दर्शक जॉन बॅरी यांचं दरम्यान निधन झालं होतं. जॉन विल्यम्स यांच्या धूनांवर संगीत बेतलं केन थॉर्न यांनी. लोइस झालेल्या मार्गो किडर यांचे केस आणि मेकअप दृश्यागणिक बदलतात, कारण दोन चित्रीकरणांमध्ये दोन वर्षांचं अंतर आहे. छातीवरचं ‘एस’ चिन्ह जाळ्यासारखं फेकण्यासारख्या आगंतुक शक्तीही याच फेरीतल्या.

तरीही हा सिक्वेल टिकला, आणि त्याचं श्रेय त्याच एकत्रित आखणीला जातं. झॉड, उर्सा आणि नॉन यांचा खटला पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच होतो, म्हणजे खलनायक आयत्या वेळी आणलेले नाहीत. टेरेन्स स्टॅम्प झॉडला आरडाओरडा करू देत नाहीत. पृथ्वी त्याला कंटाळवाणी वाटते आणि तोच कंटाळा भीतिदायक ठरतो. तुल्यबळ शत्रू मिळाल्याने मेट्रोपोलिस या काल्पनिक शहराच्या रस्त्यावरची मारामारी रंगते, आणि लोक मरू नयेत म्हणून सुपरमॅन तिथून माघार घेतो, हा तिचा कळस. ख्रिस्तोफर रीव्ह यांनी क्लार्क आणि सुपरमॅन नुसत्या खांद्यांच्या ठेवणीतून वेगळे केले आहेत.

२००६मध्ये संकलक मायकल थाऊ यांनी जुनी रिळं जुळवून ‘डोनर कट’ तयार केला. ब्रँडो परतले, बापलेकांचं दृश्य जागेवर आलं. लोइस क्लार्कवर पिस्तूल झाडून त्याचं सोंग उघडं पाडते, तो प्रसंग मात्र कधी रीतसर चित्रित झालाच नव्हता. तिथे स्क्रीन टेस्टचे तुकडे जोडलेत, म्हणून रीव्ह अचानक किडकिडीत दिसतात. शेवटाचा घोळ इथेही सुटत नाही. नवा शेवट कधी चित्रितच झाला नव्हता, म्हणून काळ फिरवण्याची युक्ती पुन्हा वापरली आहे. पण काळ मागे गेला, तर हॉटेलात क्लार्कला मारहाण करणाऱ्या त्या ट्रकवाल्याने अजून काही केलेलंच नसतं. तरीही क्लार्क तिथे जाऊन त्याला बदडतोच. पहिल्यांदा पाहणाऱ्यांनी लेस्टर यांची १२७ मिनिटांची आवृत्ती आधी पाहावी. ती सलग कथा सांगते. डोनर कटमध्ये काय परत आलं, हे त्यानंतरच नीट कळतं.