आधी कॅमेरा, मग कोर्ट

आनंद पटवर्धन यांच्या ‘राम के नाम’ या अयोध्येतल्या राममंदिर आंदोलनावरच्या माहितीपटाला ३९व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट शोधपर माहितीपट ठरवलं गेलं. पुरस्कार सरकारचा आणि दूरदर्शनही सरकारचंच. तरी दूरदर्शननं तो दाखवायला नकार दिला. कोर्टात भांडून तो घराघरांत पोचायला १९९७ साल उजाडलं. तोवर बाबरी मशीद पडून चार वर्षं उलटून गेली होती. या माहितीपटात अयोध्येच्या मंदिराचे, न्यायालयानं नेमलेले पुजारी लालदास शांतपणे सांगतात, की हे सगळं राजकारण आहे. १९९३ मध्ये त्यांचा खून झाला. दूरदर्शनच्या प्रेक्षकानं त्यांना पाहिलं ते त्यानंतर.

पटवर्धन यांच्या बहुतेक माहितीपटांची कुंडली थोड्याफार फरकानं अशीच आहे. चित्रीकरण, संकलन, मग वकिलाकडे खेपा. त्यांच्या कारकिर्दीतला हा कोर्टाचा भाग वगळला, तर निम्मी गोष्ट हाती लागत नाही असं मला वाटतं.

सुरुवात झाली १९७४च्या बिहार आंदोलनात. पाटण्याचा मोर्चा टिपायला उसना सुपर-एट, म्हणजे आठ मिलिमीटर फिल्मचा, कॅमेरा मिळाला. पण ती फिल्म बोटभरही रुंद नाही, मोठ्या प्रदर्शनाला उपयोगाची नाही. मग ती पडद्यावर लावून, समोर सोळा मिलिमीटरचा कॅमेरा उभा करून पुन्हा चित्रित केली! पुढे आणीबाणी आली आणि त्यातून झालेली ‘क्रांती की तरंगें’ ही फिल्म लपूनछपून दाखवायची वेळ आली. प्रिंटचे तुकडे करून ती देशाबाहेर पाठवली गेली, परदेशात ते तुकडे पुन्हा जोडले. बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत राहिलेले अच्युतराव पटवर्धन हे आनंद यांचे काका. भूमिगत कामाचं वळण घरातच होतं म्हणायचं.

१९८५चा ‘बॉम्बे : हमारा शहर’ मुंबईच्या फुटपाथवर आणि झोपड्यांत घडतो. पाडापाडीचं पथक येतं, पत्रे-बांबू गोळा होतात, माणसं पुन्हा तिथंच चूल मांडतात. त्यात शाहीर विलास घोगरे गातात. बारा वर्षांनी, ११ जुलै १९९७ला, घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचं पहाटे दिसलं, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. चार दिवसांनी घोगरेंनी आयुष्य संपवलं. आपल्या माहितीपटातला गायक असा गेला म्हणून पटवर्धनांनी कॅमेरा उचलला, तो चौदा वर्षं खाली ठेवला नाही. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, हे पोलिसांचं म्हणणं. यातून झालेला ‘जय भीम कॉम्रेड’ ते प्रत्यक्ष चित्रणाशी आणि वस्तीतल्या साक्षींशी ताडून पाहतो. शोधपत्रकारिता म्हणतात ती हीच, फक्त इथं बातमीला तीन तासांहून जास्त लांबी आणि भरपूर शाहिरी मिळाली. जानेवारी २०१२ मध्ये तो भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवला गेला. वातानुकूलित सभागृहापेक्षा ती जागा त्याला शोभणारी होती.

मधल्या काळातली कोर्टकचेरी मात्र संपत नव्हती. १९९५च्या ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’साठी प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तो दाखवा, असा आदेश दूरदर्शनला २००६ मध्ये मिळाला, म्हणजे अकरा वर्षांनी. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतरच्या ‘जंग और अमन’ला सेन्सॉरनं २१ काटछाटी सुचवल्या होत्या. मुंबई उच्च न्यायालयानं २००३ मध्ये एकही कट न करता तो सोडला. त्याच सुमारास मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवानं भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा पटवर्धनांसह अनेकांनी २००४ मध्ये ‘विकल्प’ नावाचा आपला समांतर महोत्सव भरवला.

दाभोलकर-पानसरे यांच्या खुनांपासून सुरू होणाऱ्या ‘विवेक’ला २०१८ मध्ये ॲमस्टरडॅमच्या माहितीपट महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी केरळच्या महोत्सवात तो दाखवायला केंद्रानं सेन्सॉर प्रमाणपत्रातून सूट नाकारली. परवानगी दिली ती केरळ उच्च न्यायालयानं.