एनटीपी : नेटवर्कवरून कॉम्प्युटरचं घड्याळ लावणं

एनटीपी म्हणजे नेटवर्क टाइम प्रोटोकॉल, कॉम्प्युटरची वेळ जास्त भरवशाच्या सर्व्हरशी जुळवत राहायची पद्धत. अमेरिकेतले डेव्हिड मिल्स यांनी बनवली, १९८५ साली छापून आली, सध्याची चौथी आवृत्ती २०१० ची.

मदरबोर्डवरचं, घड्याळ चालवणारं क्रिस्टल तापमानाप्रमाणे थोडं पुढेमागे पळतं, दिवसाला सेकंद-दोन सेकंदाचा फरक सहज पडतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या एखाद्या कारखान्यात सीसीटीव्हीची वेळ एक, हजेरीच्या मशीनची दुसरी आणि सर्व्हरची तिसरी असली की मग काही झाल्यावर आधी काय घडलं नि नंतर काय हेच कळत नाही, म्हणून हे काम किरकोळ समजू नये.

खरी हुशारी हिशोबात आहे. आपलं मशीन विचारणा पाठवताना वेळ लिहितं, सर्व्हर ती मिळाल्याची आणि उत्तर सोडल्याची वेळ लिहितो, उत्तर पोचल्यावर आपलं मशीन चौथी वेळ टिपतं, आणि या चारांतून जाण्यायेण्याचा वेळ नि घड्याळातला फरक दोन्ही निघतात. फक्त जायला आणि यायला सारखाच वेळ लागला असं धरलेलं असतं, तो सारखा नसेल तर त्या फरकाच्या निम्मी चूक राहते आणि ती आतून कळतच नाही! म्हणून जवळचे सर्व्हर घ्यावेत, आणि चार तरी, म्हणजे एखादा चुकीची वेळ सांगत असेल तर ओळखू येतो.

भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, त्यांचे एनटीपी सर्व्हर आहेत. ऑफिसात एकाच मशीनने बाहेरून वेळ घ्यावी नि बाकीच्यांनी त्याच्याकडून, फायरवॉलमध्ये (नेटवर्कची येजा अडवणाऱ्या राखणदारात) एनटीपीची वाट, म्हणजे यूडीपी १२३ पोर्ट, उघडी हवी.

एनटीपीवरून येते ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, साडेपाच तास आपला कॉम्प्युटर मिळवतो. घड्याळ बरोब्बर साडेपाच तास चुकत असेल तर टाइमझोन बघा, सर्व्हरला दोष देऊ नका.

फरक थोडा असेल तर एनटीपी घड्याळ हळूहळू सरकवतं, एकदम उडी मारत नाही, त्यामुळे लॉगमध्ये (कॉम्प्युटरच्या नोंदवहीत) वेळ उलटी जात नाही. १००० सेकंदांहून जास्त असेल तर मूळ एनटीपी प्रोग्राम सहसा बंदच पडतो, तेव्हा कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डवरचा सेल (बहुधा सीआर २०३२) संपला असेल तर तो बदलून आधी तारीख-वेळ हाताने लावावी, मग एनटीपी परत चालू करावं.