दूरस्थ लिनक्स डेस्कटॉप

दूर असलेल्या लिनक्स संगणकाचे खिडक्या, मेनू आणि फाइलींसह संपूर्ण डेस्कटॉप आपल्या पडद्यावर पाहून येथूनच हाताळण्याची पद्धत. प्रोग्रॅम दूरच्या यंत्रावर चालतात, मेमरी आणि प्रोसेसरही त्याचेच वापरतात. त्यामुळे महासंगणकावरचे आलेख पाहणाऱ्या संशोधकाला किंवा कार्यालयातले यंत्र घरून वापरणाऱ्याला साधा लॅपटॉप पुरतो.

ही सोय लिनक्सहून जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेत १९८४ साली बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांनी पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमचे (थोडक्यात एक्सचे) काम सुरू केले. एक्स११ ही आवृत्ती १९८७ साली आली. प्रोग्रॅम एका यंत्रावर आणि पडदा दुसऱ्या यंत्रावर असू शकतो, हे तिच्या रचनेतच धरलेले होते. येथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो. एक्समध्ये आपल्यासमोरचे यंत्र सर्व्हर असते, कारण पडदा, कळफलक आणि माऊस तेच पुरवते. दूरचा प्रोग्रॅम हा क्लायंट, म्हणजे ती सेवा घेणारा. आजही एसएसएचने, म्हणजे दूरच्या यंत्राशी कूटबद्ध जोडणी करणाऱ्या साधनाने, जोडताना ‘-X’ (मोठ्या लिपीतले एक्स) हा पर्याय दिला, तर दूरच्या प्रोग्रॅमची खिडकी आपल्या पडद्यावर उघडते.

स्थानिक जाळ्यात हे सुरेख चालते, इंटरनेटवर मात्र रखडते. दोष बहुधा बँडविड्थचा (जोडणीच्या माहिती वाहण्याच्या क्षमतेचा) नसून विलंबाचा असतो. एक्सचा प्रोग्रॅम पुष्कळदा प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहतो. एका मेनूसाठी अशा वीस फेऱ्या लागल्या आणि प्रत्येक फेरीला १०० मिलिसेकंद गेले, तर मेनू उघडायला दोन सेकंद लागतील. जोडणी कितीही रुंद केली तरी हे चुकत नाही. एनएक्स तंत्राने या फेऱ्या कमी केल्या आणि माहिती दाबून लहान केली. एक्सटूगो हे दूरस्थ डेस्कटॉपचे साधन त्यावरच उभे आहे.

व्हीएनसीची वाट वेगळी आहे. इंग्लंडमधील केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत घडलेली ही प्रणाली रेखाटनाच्या आज्ञांऐवजी पडद्याच्या बदललेल्या भागांची चित्रे पाठवते. लिनक्सवरील एक्सव्हीएनसी हा प्रोग्रॅम तर मॉनिटर नसलेल्या यंत्रावरही आभासी पडदा उभा करतो. जोडणी तुटली तरी तेथील काम चालू राहते. लांबलचक गणनेसाठी हा मोठाच आधार आहे, कारण एसएसएचमधून थेट आणलेली एक्सची खिडकी जोडणी तुटताच बंद पडते.

विंडोजवरून येणाऱ्यांना लिनक्सवर चालणारे एक्सआरडीपी सोयीचे पडते. ते मायक्रोसॉफ्टचा आरडीपी हा प्रोटोकॉल बोलते, त्यामुळे विंडोजमधला रिमोट डेस्कटॉप प्रोग्रॅमच पुरतो.

सुरक्षेत हयगय करू नये. व्हीएनसीच्या मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरे मोजली जातात आणि पडद्याची माहिती उघडीच प्रवास करते. म्हणून ५९०० पासून सुरू होणारी त्याची पोर्ट (जोडणीची क्रमांकित दारे) इंटरनेटवर कधीही खुली ठेवू नयेत. व्हीएनसीचा सर्व्हर फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच यंत्रावरून येणाऱ्या जोडण्यांसाठी, ऐकता ठेवावा, एसएसएचचा बोगदा (कूटबद्ध मार्ग) काढून त्यातून जावे आणि एसएसएचसाठी पासवर्डऐवजी की (फाइलमधली गुप्त किल्ली) वापरावी.

क्रिस्टियान हॉग्सबर्ग यांनी २००८ साली सुरू केलेल्या, एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडने चित्र बदलले. नेटवर्कवरून खिडक्या पाठवणे वेलँडच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये नाही; ते काम डेस्कटॉपनेच करायचे. बरीच वर्षे ही उणीव जाणवत राहिली. ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या मार्च २०२४ मधील ४६ व्या आवृत्तीत दूरच्या यंत्रावर कोणीही लॉगइन नसताना आरडीपीने लॉगइन करण्याची सोय आली. एखादाच वेलँड प्रोग्रॅम आणायचा असल्यास वेपाइप हे साधन वापरतात.