उतरलेलं वजन जातं कुठे?

एखाद्याने सहा महिन्यांत दहा किलो वजन उतरवलं, की भेटेल तो विचारतो, कसं उतरवलंस? काय खात होतास, किती चालत होतास? ते दहा किलो गेले कुठे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. दहा किलो म्हणजे थोडंथोडकं नव्हे. तेवढ्या वजनाची पिशवी घेऊन दोन जिने चढलं तरी हाताला रग लागते. एवढा ऐवज शरीरातून रोज थोडाथोडा बाहेर पडत राहिला आणि ज्याच्या अंगातून पडला त्यालाही त्याचा पत्ता लागला नाही.

विचारलंच तर चार उत्तरं हमखास मिळतात. चरबी जळून तिची ऊर्जा झाली. घामावाटे गेली. शौचावाटे गेली. व्यायामाने तिचा स्नायू झाला. रूबेन मिरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या ऑस्ट्रेलियातल्या दोघा संशोधकांनी हा प्रश्न डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि व्यायाम प्रशिक्षक अशा १५० जणांना विचारला होता. निम्म्याहून अधिक लोक म्हणाले, ऊर्जा झाली. २०१४च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या दोघांनी सगळा हिशेब मांडला. त्यांचं उत्तर असं, की चरबीचा बहुतेक भाग आपण श्वासावाटे बाहेर सोडतो. त्यासाठी लागणारं रसायनशास्त्र कितीतरी वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. वजनाच्या बाजूने ते वाचायचं तेवढं राहून गेलं होतं.

‘ऊर्जा झाली’ हे उत्तर इतकं पटण्याजोगं वाटतं, की त्यातली चूक चटकन दिसत नाही. चरबीतून ऊर्जा मिळते हे खरंच आहे. एक ग्रॅम चरबीतून साधारण ९ किलोकॅलरी मिळतात. पण ही ऊर्जा अणूंच्या आपसातल्या बंधांची असते. बंध तुटतात, नवे जुळतात, मधल्या फरकाची ऊर्जा मोकळी होते. अणू होते तेवढेच राहतात आणि त्यांचं वजनही राहतं. वस्तुमानाचीच ऊर्जा होणं हा निराळा प्रकार आहे. एक ग्रॅम वस्तुमान पुरतं ऊर्जेत बदललं तर हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बपेक्षा जास्त ऊर्जा बाहेर पडेल. इथे तर आपण दहा किलोंबद्दल बोलतो आहोत. तेव्हा ऊर्जा वापरली गेली असं म्हटल्याने किलोंचा हिशेब लागत नाही. ते अणू कुठल्या तरी वाटेने, कुठल्या तरी रूपात बाहेर पडलेच असले पाहिजेत.

हा हिशेब लावायला पहिल्यांदा बसला तो इटलीतल्या पादुआचा वैद्य सांतोरिओ. बसला म्हणजे अक्षरशः तराजूत बसला. त्याने एक खुर्ची मोठ्या तराजूला टांगून घेतली होती. तीत बसून तो जेवायचा, आणि खाल्लेलं, प्यायलेलं, शरीराबाहेर टाकलेलं असं सगळं वजन करून लिहून ठेवायचा. हा उद्योग त्याने जवळपास तीस वर्षं केला आणि १६१४ साली निष्कर्ष छापले. दिवसात आठ पौंड खाल्लं-प्यायलं तर त्यातले पाच पौंड डोळ्यांना न दिसता नाहीसे होतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्वचेतून आणि श्वासातून काहीतरी सतत बाहेर पडतं, एवढं त्याने बरोबर ताडलं. ते काय, हे सांगण्याची सोय त्या काळात नव्हती, कारण ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड या वायूंची ओळखच अजून पटायची होती. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. उत्तर मिळण्याची काही शक्यता नसताना त्याने नेमका प्रश्न धरला आणि वजन करणं सोडलं नाही.

पुढचं पाऊल पडलं फ्रान्समध्ये. १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो आणि तो किती कार्बन डायऑक्साइड सोडतो, हे मोजलं. मग तेवढाच वायू देणारा कोळसा जाळून किती बर्फ वितळतो तेही पाहिलं. दोन्ही आकडे जवळपास जुळले. श्वसन म्हणजे संथ ज्वलन आहे, हे त्यातून पुढे आलं. हे ज्वलन फुप्फुसांत होतं असं लाव्हाझिएला वाटायचं, ते प्रत्यक्षात शरीरातल्या बहुतेक सर्व पेशींत चालतं. पण ‘चरबी जळते’ हा आपला रोजचा शब्दप्रयोग त्याच्या प्रयोगाला धरून आहे. लाकूड जळतं तेव्हा त्याचं बरंचसं वजन धूर आणि वायू होऊन वर जातं, मागे मूठभर राख उरते. चरबीची राखही उरत नाही.

आता चरबीकडेच जाऊ. मेदपेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर आतला जवळजवळ सगळा भाग तेलाच्या एका मोठ्या थेंबाने व्यापलेला दिसतो. पेशीचं केंद्रक कडेला सरकलेलं असतं, अंगठीच्या कड्यावर बसवलेल्या खड्यासारखं. आपल्या भाषेत ‘चरबी चढली’ म्हणजे माज आला. या शब्दाला चिकटलेला तो दोषारोप मला नेहमीच खटकतो, कारण मेदपेशी आपलं काम चोख करत असतात. उपाशी दिवसांसाठीची शिल्लक त्या कमीत कमी जागेत, कमीत कमी वजनात सांभाळतात. अलास्काहून न्यूझीलंडला जाणारा गॉडविट हा पक्षी समुद्रावरून कुठेही न उतरता ११ हजार किलोमीटरहून अधिक उडतो, तो याच शिलकीवर. निघताना त्याच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग चरबीचा असतो.

या थेंबातला प्रत्येक रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या एका तुकड्याला जोडलेल्या मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या. खाणं आणि खर्च यांत तूट पडली, की रक्तातलं इन्सुलिन उतरतं, अ‍ॅड्रेनालिनसारख्या संप्रेरकांचा हुकूम चालू लागतो आणि पेशीतले एन्झाइम या साखळ्या सोडवायला घेतात. सुटलेली मेदाम्लं रक्तात येतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाच्या पाठीवर बसून स्नायूंपर्यंत, हृदयापर्यंत, यकृतापर्यंत जातात. तिथल्या पेशींमधल्या तंतुकणिकांमध्ये, म्हणजे ऊर्जा काढणाऱ्या सूक्ष्म भट्ट्यांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया), प्रत्येक साखळीचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पाडले जातात. सोळा कार्बनची साखळी असेल तर आठ तुकडे. प्रत्येक तुकड्यातला कार्बन शेवटी कार्बन डायऑक्साइड होतो. हायड्रोजन निघतो तो आपण श्वासातून घेतलेल्या ऑक्सिजनला मिळून पाणी बनतो. मधल्या मधे निघालेली ऊर्जा पेशी वापरतात, काही उष्णता होऊन अंग गरम ठेवते.

चरबीच्या सरासरी रेणूत ५५ कार्बन, १०४ हायड्रोजन आणि ६ ऑक्सिजन अणू धरतात. एक रेणू पुरता जाळायला ऑक्सिजनचे ७८ रेणू लागतात आणि त्यातून ५५ रेणू कार्बन डायऑक्साइड व ५२ रेणू पाणी तयार होतं. हेच किलोंत मांडलं तर १० किलो चरबीसाठी २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो आणि २८ किलो कार्बन डायऑक्साइड नि ११ किलो पाणी बाहेर पडतं. दहा किलो उतरवणाऱ्याने आपल्या शरीरातून एकोणचाळीस किलो ऐवज बाहेर काढलेला असतो!

पण मूळच्या दहा किलोंपैकी किती कोणत्या वाटेने गेले? कार्बन सगळा वायूत गेला आणि हायड्रोजन सगळा पाण्यात, हे उघड आहे. अडचण होती त्या सहा ऑक्सिजन अणूंची, कारण श्वासातून आलेल्या ऑक्सिजनमध्ये ते मिसळून जातात. त्याचं उत्तर अमेरिकेतल्या नेथन लिफ्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९४९मधल्या कामात सापडलं. ऑक्सिजनचं जड समस्थानिक, म्हणजे ऑक्सिजनचाच पण वजनाने थोडा जड अणू, खुणेसारखं वापरून त्यांनी दाखवलं होतं, की शरीरातलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यात ऑक्सिजन अणूंची सतत देवघेव चालू असते. त्या आधारे सहांपैकी चार अणू वायूच्या वाट्याला येतात, दोन पाण्याच्या. बेरीज केली की १० किलो चरबीतले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन फुप्फुसांतून जातात आणि १.६ किलो पाणी होऊन. ते पाणी लघवी, घाम, श्वासातली वाफ, अश्रू, कोणत्याही वाटेने जाईल. शौचावाटे मात्र साठलेली चरबी जात नाही. तिथून मुख्यतः न पचलेला चोथा, पाणी आणि जंतू बाहेर पडतात.

मग जोरजोरात श्वास सोडला तर? हे करून पाहू नये, चक्कर येते. श्वास हे फक्त दार आहे. पेशींत जेवढा कार्बन डायऑक्साइड तयार झाला, तेवढाच या दाराने बाहेर जाऊ शकतो. नुसतं दार उघडझाप करून आतला साठा हलत नाही. तो हलवायला पेशींना जास्त काम द्यावं लागतं. सत्तर किलोंचा माणूस फारशी धावपळ न करता दिवसभरात सुमारे २०० ग्रॅम कार्बन श्वासातून सोडतो. स्वस्थ बसलेलं असताना एका श्वासात अवघे ९ मिलिग्रॅम, हालचालीत त्याहून जास्त, पण दिवसात सतरा हजारांवर श्वास होतात. दिवसातला एक तास विश्रांतीऐवजी धावण्यात घालवला, तर आणखी सुमारे ४० ग्रॅम कार्बन जातो. दुसऱ्या बाजूला अर्धा किलो साखरेत २१० ग्रॅम कार्बन असतो. खाण्यातून येणारा कार्बन जाणाऱ्यापेक्षा कमी पडला, तरच शिल्लक मोडते. एक तास धावून मिळवलेलं दहा मिनिटांच्या खाण्यात परत येतं ते या आकड्यांमुळे. त्यात धावणाऱ्याच्या निश्चयाची काही कसूर नसते.

आहार बदलल्यावर पहिल्या आठवड्यात वजनकाटा भराभर खाली येतो, ती बहुतांशी चरबी नसते. यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, असतं आणि ते आपल्या तिप्पट पाणी धरून बसतं. आधी ते खर्ची पडतं, त्याच्यासोबत पाणी जातं. पुढे काटा मंदावतो आणि माणूस हिरमुसतो, पण खरी चरबी तेव्हाच निघत असते. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटावरचीच चरबी जाते असंही नाही. १९७१ साली टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले. खेळण्याच्या हाताचे स्नायू मोठे होते, पण त्वचेखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच निघाली. मेदाम्लं रक्तात उतरतात ती सगळ्या शरीरासाठी.

चरबी गेली तरी मेदपेशी जात नाहीत. हे कळलं ते अणुचाचण्यांमुळे. १९५०च्या दशकाच्या मध्यापासून १९६३पर्यंत खुल्या हवेत झालेल्या स्फोटांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ एकदम वाढला आणि चाचण्या थांबल्यावर हळूहळू कमी होत गेला. पेशी जन्मते तेव्हा तिच्या डीएनएमध्ये त्या वर्षीच्या हवेची खूण बसते. स्वीडनच्या करोलिन्स्का संस्थेतल्या किर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ही खूण वाचून मेदपेशींची वयं काढली. प्रौढपणी दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तितक्याच नव्या येतात, त्यामुळे एकूण संख्या जवळपास स्थिर राहते. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर भरपूर वजन उतरलेल्या लोकांतही पेशी लहान झाल्या होत्या, संख्येने घटल्या नव्हत्या. लहान झालेल्या मेदपेशी लेप्टिन कमी पाझरतात. १९९४ साली सापडलेलं हे संप्रेरक मेंदूला साठा किती आहे ते कळवतं. ते कमी झालं की मेंदू भूक वाढवतो. उतरवलेलं वजन टिकवणं एवढं अवघड का जातं, याचा बराच उलगडा इथे होतो. ज्यांचं वजन परत चढलं त्यांना बेशिस्त म्हणणाऱ्यांनी हे जरूर समजून घ्यावं.

त्याच संशोधकांच्या गटाने पुढे पेशींतल्या चरबीचंही वय काढलं. २०११ साली आलेला तो आकडा सरासरी दीडेक वर्षाचा आहे. मेदपेशी साधारण दहा वर्षं जगते आणि तेवढ्या काळात आतलं तेल सहा वेळा बदलून होतं. लठ्ठ माणसांत ही ये-जा मंदावते, चरबी आत जास्त काळ अडकून राहते. आणि ज्याचं वजन गेल्या पाच वर्षांत किलोभरही हललेलं नाही, त्याच्या अंगावरही पाच वर्षांपूर्वीच्या चरबीतलं फारच थोडं उरलेलं असतं. बाकीचं त्याने केव्हाच हवेत सोडून दिलं आहे.