गेजला ऊन कळते, ओझे कळत नाही

माझ्या चुलतभावाची भाजीची व्हॅन आहे. बेळगावहून माल भरायचा, चोर्ला घाट उतरायचा, साखळी-डिचोलीत दुकानांना द्यायचा आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात उभे राहायचे, हा त्याचा आठवडा. एप्रिलमधल्या एका फेरीला मीही सोबत होतो. भर दुपारी घाट उतरून पंपावर थांबलो. हवा भरणाऱ्या पोराने विचारले, "कितलें घालूं?" दादा म्हणाला, "छत्तीस." नळी लावली तर आकडा 41. पोराने चारही चाकांतून पाच-पाच पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा फुस्स करून सोडली आणि काम फत्ते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडी उभी असताना मी माझे खिशातले, हवेचा दाब मोजायचे गेज लावले, तर 31.

दादाने लगेच पंक्चर शोधायला सुरुवात केली. पण चारही चाके एकाच रात्री, एकाच मापाने पंक्चर कशी होतील? हवा पळाली नव्हती, आम्हीच ती पंपावर सोडून आलो होतो.

बंद भांड्यातल्या हवेचा दाब तिच्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो, हे शाळेत शिकलेले असते. फक्त हिशेब करताना दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. तापमान केल्विनमध्ये घ्यायचे (नेहमीच्या सेल्सिअस अंशांत 273 मिळवायचे), आणि गेजच्या आकड्यात बाहेरच्या वातावरणाचा दाब मिळवायचा. गेजचे शून्य म्हणजे पोकळी नव्हे, तर बाहेरच्या हवेशी बरोबरी. म्हणून गेजवर 36 असताना आतला खरा दाब 36 अधिक 14.7, म्हणजे 50.7 असतो. सकाळी 24 अंशांवर असलेला टायर उन्हात आणि घाटात तापून 54 अंशांवर गेला, तर केल्विनमध्ये 297 चे 327 झाले, म्हणजे दहा टक्के वाढ. 50.7 चे झाले 55.8, त्यातून वातावरणाचे 14.7 वजा केले की 41. पंपावर दिसला तो हाच आकडा. तिथे 36 पर्यंत खाली आणलेला टायर रात्री गार झाला की उलट्या हिशेबाने 31 वर येतो. ढोबळमानाने सहा अंशांना एक पीएसआय एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

गाडी बनवणाऱ्याने दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या तक्त्यातला आकडा थंड टायरचा असतो. धावल्यावर दाब चार-पाचने वाढणार, हे त्याने आधीच धरलेले असते. म्हणून तापलेल्या टायरमधून हवा कधी सोडायची नाही. मोजायचे ते सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त धावायच्या आत आणि ऊन पडायच्या आत. अंगणात एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला माडाची सावली असेल, तर उन्हाकडची चाके उगाच जास्त दाखवतात.

उत्तर भारतात किंवा युरोपात थंडी पडली की टायर आपोआप मऊ पडतात. गोव्यात तो त्रास फारसा नाही. आपल्या डिसेंबरच्या आणि मेच्या पहाटेत फरक तो कितीसा! आपली गंमत वेगळी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच आहे, त्यामुळे तिथे वातावरणाचा दाबच सुमारे सव्वा पीएसआय कमी. तिथे 36 भरून खाली आलात, तर टायरमधली हवा तेवढीच असूनही गेज 35 च्याही खाली दाखवेल. अर्थात खाली उकाडाही जास्त, त्यामुळे बरेचदा फिटंफाट होते.

आता ओझ्याकडे येऊ, कारण खरी फसगत इथे आहे. गाडी रबरावर उभी असते असे वाटते, पण वजनाचा बहुतेक भार आतली हवा उचलते. छोट्या व्हॅनच्या एका टायरमधली ही हवा तोलली तर भरेल जेमतेम 100 ग्रॅम, एका टोमॅटोएवढी! 36 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे अडीच किलो. रिकाम्या व्हॅनच्या मागच्या चाकावर 250 किलो भार असेल, तर ते तोलायला टायरचा 100 चौरस सेंटीमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो. हे क्षेत्रफळ पोस्टकार्डापेक्षा थोडे कमीच. कांदे-बटाट्याची पोती चढवून भार 450 किलोवर नेला, की टेकणारा भाग 180 वर जातो, म्हणजे जवळपास दीड पोस्टकार्ड. टायर तेवढा बसतो, बाजूच्या भिंती फुगतात. आणि गेज? गेज छत्तीसच दाखवते. टायर दबला तरी त्याचे आतले घनफळ अगदी किंचित बदलते, त्यामुळे दाबही दिसेल न दिसेल एवढाच वाढतो.

म्हणजे ज्या उन्हाचे आपल्याला काही करायचे नसते ते गेज इमानेइतबारे सांगते, आणि ज्या ओझ्यामुळे टायर मरतो त्याबद्दल ते मूग गिळून बसते. म्हणूनच बऱ्याच व्हॅनच्या तक्त्यावर दोन आकडे छापलेले असतात, एक थोड्या भाराचा आणि एक पूर्ण भाराचा, आणि मागच्या चाकांचा आकडा बहुधा जास्त असतो. तो आपल्या गाडीचा आपण वाचायचा. शेजाऱ्याच्या गाडीचा किंवा या लेखातला 36 उचलायचा नाही. टायरच्या अंगावर कोरलेला आकडा तर निराळाच, ती त्या टायरची कमाल मर्यादा असते.

दबलेला टायर का मरतो? साठच्या वेगाने जाणाऱ्या छोट्या व्हॅनचे चाक सेकंदाला नऊ-दहा वेळा फिरते, आणि प्रत्येक फेरीत टायरचा प्रत्येक भाग एकदा दबून पुन्हा सरळ होतो. दाबताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत करत नाही, काही भागाची उष्णता होते. हवा कमी आणि भार जास्त असेल तर वाकणे वाढते, उष्णता वाढते, आतले थर एकमेकांपासून सुटू लागतात आणि एक दिवस टायर फुटतो. लोक म्हणतात, "उन्हाने फुटला, हवा जास्त झाली होती." बऱ्याचदा झालेले असते नेमके उलटे. हवा कमी असली की डिझेल-पेट्रोलही जास्त जाते, आणि टायर दोन्ही कडांना झिजतो. मधोमध झिजला तर हवा जास्त भरली जात होती असे समजावे.

पावसाळ्यात तर हवेचा प्रश्न थेट जिवाशी येतो. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना टायरला पाणी बाजूला सारायला वेळ मिळाला नाही, तर तो पाण्यावर तरंगू लागतो आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. नासाचे हॉर्न आणि ड्रेहर यांनी 1963 साली याचे एक साधे सूत्र मांडले: तरंगण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यानुसार 36 पीएसआयला तो ताशी 100 किलोमीटर येतो, 25 पीएसआयला 83. सूत्र विमानांच्या टायरवरून आले, आणि रस्त्यावरच्या गाडीत टायरची नक्षी, तिची झीज व टेकणाऱ्या भागाचा आकारही धरावा लागतो. पण कल सांगायला ते पुरेसे आहे. पर्वरी-म्हापसा रस्त्यावर जूनच्या सरीत वेगातला हा ताशी सतरा किलोमीटरचा फरक फार मोठा असतो.

नायट्रोजनचे काय, हा प्रश्न येतोच. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच आहे, आणि तापल्यावर दोन्ही सारख्याच फुगतात. ऑक्सिजन रबरातून थोडा लवकर झिरपतो, एवढा फायदा खरा. खरी अडचण पाण्याची. आपल्या दमट हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचते, आणि ते टायरमध्ये गेले तर तापल्यावर त्याची वाफ दोन-अडीच पीएसआयची भर घालते, शिवाय लोखंडी रिमला गंज चढतो. टाकीतले पाणी रोज काढणारा पंप सापडला, तर पैसे खर्चून नायट्रोजन भरायची गरज मला तरी वाटत नाही.

धडधाकट टायरमधूनही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा झिरपून जाते, म्हणून महिन्यातून दोनदा तरी मोजावी. गेज स्वतःचे असावे, पंपावरचे दिवसभर जमिनीवर आपटत असते. मोजून झाल्यावर व्हॉल्व्हला बोटाने थुंकी लावून बुडबुडा येतो का बघावे, आणि टोपी विसरू नये. डिचोलीची लाल धूळ व्हॉल्व्हच्या पिनेत अडकली की हवा हळूहळू सुटते.

आणि स्टेपनी. हा शब्द वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. तिथे 1904 च्या सुमारास जादा चाक बनू लागले. दादाची स्टेपनी गाडीच्या पोटाखाली चिखलात लटकत असते. त्या सकाळी तीही मोजली, तर 14 निघाली. आता ती मागच्या चाकाच्या पूर्ण भाराच्या आकड्यावर भरलेली असते. जास्त झाली तर चोर्ल्याच्या वळणावर हवा सोडता येते, भरता येत नाही.