ब्रॉडकास्ट आणि ग्रुप: आत्याला निमंत्रण का मिळत नाही

गौरी-गणपती, बारसं, वास्तुशांत, काहीही असो, कार्य झालं की आठवडाभरात एक फोन येतोच: "आम्हाला कळवलंसुद्धा नाही!" इकडून उत्तर ठरलेलं: "अहो, सगळ्यांना ब्रॉडकास्ट केलं होतं, बघा ना नीट." दोघंही खरं बोलत असतात. पाठवणाऱ्याने पाठवलेलं असतं आणि समोरच्याला आलेलं नसतं. व्हॉट्सॲपवरचा ब्रॉडकास्ट म्हणजे 'उत्तरं बंद केलेला ग्रुप' असा जो समज ठाण्यापासून बेलापूरपर्यंत घरोघरी बसला आहे, त्याचा हा परिणाम.

ग्रुप सगळ्यांना ठाऊक आहे. एक खोली, आत जास्तीत जास्त १०२४ माणसं, कोणी काही बोललं की सगळ्यांना ऐकू जातं, आणि प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्ट म्हणजे तुमच्या वतीने एकच पत्र प्रत्येकाच्या दारात वेगवेगळं टाकणारा पोस्टमन. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात. समोरच्याला तो मेसेज तुमच्या नेहमीच्या खाजगी चॅटमध्ये येतो, उत्तर फक्त तुम्हाला मिळतं, लिस्टमध्ये आणखी कोण आहे हे कोणालाच कळत नाही. लिस्टचं नावही तुमच्यापुरतंच असतं. इथपर्यंतचा फरक दोन दिवस वापरलं की कळतो.

घोळ होतो तो पुढच्या अटीमुळे. ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यालाच मिळतो, ज्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. त्याचा नंबर तुमच्याकडे असणं पुरेसं नाही, तुमचाही त्याच्याकडे हवा. ही अट नसती तर कोणत्याही दुकानदाराने हजारो नंबर भरून रोज जाहिराती ढकलल्या असत्या. ग्रुपला आणि साध्या एकेकट्या मेसेजला ही अट नाही. म्हणून तर माणूस फसतो: "कालच तर बोललो व्हॉट्सॲपवर, मग ब्रॉडकास्ट का नाही गेला?"

आता घरातलं चित्र बघा. निमंत्रण बनवतो मुलगा, कारण त्याला ते सुबक जमतं. पाठवतोही त्याच्याच फोनवरून. पण कोपरखैरण्याच्या आत्याच्या फोनमध्ये तिच्या भावाचा नंबर आहे, भाच्याचा नाही. डोंबिवलीच्या मामांकडे बहिणीचा आहे. भाच्याने आईच्या फोनमधून ऐंशी नंबर उतरवून घेतले, लिस्ट केली, मेसेज सोडला, आणि नातेवाइकांपैकी निम्म्यांपर्यंत तो पोहोचलाच नाही. म्हणून पहिला नियम: ज्याचा नंबर नातेवाइकांकडे सेव्ह आहे, त्याच्याच फोनवरून ब्रॉडकास्ट करायचा. बहुतेक घरांत तो फोन आईचा असतो. मजकूर मुलाने लिहावा, आईला पाठवावा, तिथून पुढे जाऊ द्यावा.

रोज बोलणाऱ्यांबद्दलही खात्री धरू नका. दूधवाले, शिकवणीच्या बाई, वरच्या मजल्यावरच्या काकू शेवटच्या कॉलवरून फोन लावतात. नंबर सेव्ह केलेलाच नसतो. परदेशातल्या नातेवाइकांची आणखी एक गंमत आहे. तिथला नंबर वापरणाऱ्या चुलतभावाने तुमचा नंबर नुसता दहा आकडी ठेवला असेल, तर व्हॉट्सॲप त्याला तिथलाच स्थानिक नंबर समजतं. त्याच्या फोनमध्ये तो +९१ लावूनच हवा. सिम बदलून नवा नंबर घेतला असेल तर पुन्हा शून्यापासून सुरुवात: व्हॉट्सॲपमधून नंबर बदलल्याची सूचना गेली तरी लोकांच्या फोनमधला जुना नंबर आपोआप बदलत नाही, तो त्यांनीच बदलायचा असतो. नंबर तोच ठेवून फक्त कंपनी बदलली असेल तर काही बिघडत नाही.

पोहोचलं की नाही हे तपासायला अर्धा मिनिट लागतो, तरी जवळजवळ कोणी तपासत नाही. ब्रॉडकास्ट लिस्ट उघडा, पाठवलेल्या मेसेजवर बोट दाबून धरा, माहितीचा पर्याय निवडा. कोणी वाचलं, कोणाला पोहोचलं, सगळी नावं दिसतात. एक दिवस थांबा, कारण काहींचा नेट रात्रीच चालू होतो. जी नावं तेव्हाही आली नसतील, त्यांना त्यांच्या स्वतंत्र चॅटमध्ये साधा मेसेज टाका. त्यावर लगेच दोन टिक आल्या तर निदान जवळपास पक्कं: तुमचा नंबर सेव्ह नाही. निमंत्रण तिथेच द्या आणि सोबत नंबर सेव्ह करायची विनंती करा. एकच टिक राहिली तर फोन बंद असेल, नेट नसेल किंवा तुम्हाला ब्लॉक केलं असेल. तिथे सरळ फोन करावा. आणि जवळच्या वडीलधाऱ्यांना टिक कितीही आल्या तरी फोनच करावा, नुसत्या मेसेजवर बोलावणं बरं दिसत नाही.

या कटकटीला कंटाळून लोक निमंत्रणासाठी १८० जणांचा ग्रुप काढतात, आणि हे मला अजिबात पटत नाही. ऑफिसातल्या मुलीचा नंबर तुमच्या आतेभावाच्या मित्राला विनाकारण मिळतो, आणि त्याला तिची संमती कोणी विचारलेली नसते. 'फक्त ॲडमिनच लिहू शकतील' अशी सोय लावली तरी नंबर दिसतातच. ती लावली नाही तर निमंत्रणाखाली शंभर हात जोडलेले, चाळीस अभिनंदनं, आणि पत्ता वर कुठेतरी गाडलेला. लोक मुकाट्याने बाहेर पडतात. २०२२ पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते.

ग्रुपची जागा वेगळी. जिथे एकाचं उत्तर ऐकून दुसऱ्याचं उत्तर ठरतं, तिथे ग्रुपच हवा. ऐरोलीचे तिघं, ठाण्याचे चौघं आणि नेरुळची एक मैत्रीण मिळून सिनेमा ठरवताहेत, तर ब्रॉडकास्ट करणं म्हणजे आठ वेगळ्या गप्पा चालवणं. 'ती येतेय का? मग मीही येतो' हे सतरा वेळा इकडून तिकडे पोचवावं लागेल. इथे ग्रुपमध्ये पोल टाका: शनिवार रात्र, रविवार दुपार, रविवार संध्याकाळ. यापेक्षा जास्त पर्याय देऊ नका, दिले की कोणीच एकत्र येत नाही. एकापेक्षा जास्त उत्तरं निवडायची मुभा मात्र चालू ठेवा, म्हणजे 'कधीही चालेल' म्हणणारेही मोजले जातात. पोलबरोबर उत्तराची मुदत लिहा आणि मुदत संपली की तिकिटं काढून मोकळे व्हा.

ठाण्यात नाटक ठरवत असाल तर त्याच ग्रुपमध्ये नाट्यगृहाचं नाव पूर्ण लिहा. गडकरी रंगायतन तलावपाळीला आहे आणि घाणेकर नाट्यगृह हिरानंदानी मेडोजला. नुसतं 'नाट्यगृहाशी भेटू' लिहिलंत तर पहिली घंटा होईल तेव्हा निम्मे लोक रिक्षात असतील.